वाढत्या पायाचा बूट

खोक्यावर छापलेला नंबर मुलाच्या पायाचा नसतो. बुटाच्या आत पायाला मिळणाऱ्या जागेचाही नसतो. ज्या साच्यावर ताणून बूट घडवला जातो, त्या साच्याचा तो नंबर असतो. कारखान्यात या साच्याला फर्मा म्हणतात. पूर्वी तो लाकडी असे, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा असतो. प्रत्येक कंपनीचा फर्मा वेगळा. कुणाचा चवड्यापाशी ऐसपैस, कुणाचा पुढे निमुळता, कुणी बोटांपुढे जागा जास्त सोडतं, कुणी कमी. म्हणून एका कंपनीचा दोन नंबर मुलाला छान बसतो आणि दुसरीचा दोन नंबर त्याच मुलाला चावतो.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बुटांच्या कुठल्याही दुकानात जाऊन उभं राहिलं, तर या फरकाचे सगळे परिणाम एकाच वेळी पाहायला मिळतात. आई बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघते. बाबा किमतीची पट्टी वाचतात. दुकानदार म्हणतो, “ताई, एक नंबर मोठा घ्या, पोरगं वाढतंय.” पोराला मात्र फक्त लाल रंगाचा हवा असतो, किंवा वर्गातल्या मित्राकडे आहे तसाच. खेळायला काय घेणार आहे, कशावर धावणार आहे, हे कुणी विचारत नाही. शाळेचे काळे बूट वेगळे, पीटीचे पांढरे वेगळे, संध्याकाळी फुटबॉल लावला असेल तर ते आणखी वेगळे. तीन जोड घेऊन घरी आलेलं कुटुंब दिवाळीच्या आसपास पुन्हा तिथेच येतं, कारण एक बूट चावतो, दुसऱ्याचा सोल निघालाय आणि तिसरा अजून मोठाच होतोय.

या वैतागाचं खापर सहसा दुकानदारावर, कंपनीवर किंवा पोराच्या अवखळपणावर फुटतं. खरं कारण साधं आहे. बूट घडवला की त्याची लांबी ठरून जाते आणि मुलाचा पाय मात्र वाढत राहतो. या दोघांची गाठ घालणारा नंबर तर मुळात दोघांचाही नाही.

तेरानंतर एक

मुलांच्या बुटांची मापं शून्यापासून सुरू होतात, चढत चढत तेरापर्यंत जातात आणि तेरानंतर पुन्हा एक येतो. साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाचे आईवडील या वळणावर हमखास गोंधळतात. गेल्या वर्षी तेरा नंबर होता, यंदा दुकानदार एक नंबर काढून देतो आणि तो बरोबर बसतो.

या विचित्र मोजणीचं मूळ इंग्लंडात आहे. तिथे जवाचे तीन दाणे लांबीत एकापुढे एक ठेवले की एक इंच, असं जुनं माप होतं. आपल्याकडेही आठ यवांचा एक अंगुल धरत, पण इथे दाणे आडवे मांडत. इंग्लंडच्या बूटकारांनी एका दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, ही एका नंबराची पायरी ठरवली. मुलांचं माप चार इंचांना शून्य धरून सुरू केलं. रँडल होम या लेखकाने १६८८ साली छापलेल्या ग्रंथात मुलांची आणि मोठ्यांची अशी दोन भागांतली मोजणी नोंदवलेली आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर आठच वर्षांनी छापलेली ही दोन भागांची मोजणी आज आपल्या पोरांच्या बुटांवर आहे.

हिशेब करून पाहिला की कोडं सुटतं. चार इंच आणि तेरा पायऱ्या मिळून आठ पूर्णांक एक तृतीयांश इंच होतात, म्हणजे सुमारे २१.२ सेंटिमीटर. पुढची पायरी २२ सेंटिमीटरची, आणि तिला मोठ्यांचा एक नंबर म्हणतात. ही सगळी लांबी फर्म्याची आहे. पाय त्याहून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूड असायला हवा.

अमेरिकेने हीच पद्धत उचलली, पण शून्याची खूण थोडी अलीकडे सरकवली. त्यामुळे एकाच बुटाचा अमेरिकी नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा अर्ध्याने किंवा एकाने जास्त दिसतो. ब्रिटिश तेराला काही कंपन्या अमेरिकी साडेतेरा म्हणतात, काही एक म्हणतात. युरोपची मोजणी आणखी वेगळी. तिथे एक पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाची, म्हणून २२ सेंटिमीटरच्या फर्म्याला ३३ नंबर पडतो. ब्रिटिश पायरी साडेआठ मिलिमीटरची आणि युरोपीय पावणेसात मिलिमीटरच्या आतबाहेरची असल्याने एका पद्धतीतला नंबर दुसरीत नेमका उतरवताच येत नाही. तक्ते बनवणारे जवळचा आकडा लिहून मोकळे होतात. ऑनलाइन खरेदीत “आमचा नेहमीचा नंबर मागवला तरी बसला नाही” ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

या जंजाळातून सुटण्याची वाट बुटातच असते. बऱ्याच स्पोर्ट्स शूजच्या जिभेच्या आत एक छोटं लेबल शिवलेलं असतं. त्यावर यूके, यूएस, ईयू या रकान्यांशेजारी सेमी किंवा जेपी असा रकाना दिसतो. जपानमध्ये बुटाचं माप थेट पायाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये देतात. मोंडोपॉइंट नावाची आंतरराष्ट्रीय पद्धतही पायाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगते आणि लष्करी बुटांसाठी ती वापरात आहे. लेबलवरच्या चार आकड्यांपैकी पायाबद्दल बोलणारा हा सेंटिमीटरचाच एक. बाकीचे फर्म्याबद्दल बोलतात.

रुंदीचं काय?

लांबी जुळली तरी प्रश्न संपत नाही. दुकानात पोरगं म्हणतं, “पुढे मोकळा आहे, पण बाजूला दुखतंय.” मग एक नंबर मोठा दिला जातो, कारण रुंद पाहिजे असेल तर लांब घेणं एवढाच पर्याय हाताशी असतो. जर्मनीत १९७४ पासून मुलांच्या बुटांसाठी रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तीन रुंदी ठरवणारी पद्धत आहे. तिला डब्ल्यूएमएस म्हणतात. जपानच्या मापपद्धतीतही लांबीसोबत रुंदीची अक्षरं असतात. आपल्या बाजारात मुलांच्या बुटांवर रुंदीची खूण सहसा नसतेच.

भारतीय पायाची रुंदी हा केवळ घरगुती समज नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचं त्यातून दिसलं. त्यावर आधारलेल्या नव्या भारतीय मापपद्धतीला ‘भा’ असं नाव सुचवलं गेलं. तिच्या आठ गटांपैकी सहा गट बालकांचे आणि शाळकरी मुलामुलींचे आहेत. मुलींच्या पायाच्या वाढीचा कळस साधारण अकराव्या वर्षी आणि मुलांच्या पायाचा पंधरा-सोळाव्या वर्षी, असंही या सर्वेक्षणातून पुढे आलं. ब्रिटिश जवाच्या दाण्याने मोजलेला अरुंद फर्मा आपल्या मुलांच्या चवड्याला का दाबतो, याचं उत्तर या मोजणीत आहे. नवी मापं बाजारात येईपर्यंत ग्राहकाने करायचं ते एवढंच: बूट बाजूने दाबत असेल तर नंबर वाढवू नये, कंपनी बदलावी. दुसऱ्या कंपनीचा फर्मा रुंद असू शकतो.

तक्रार न करणारा पाय

मोठ्या माणसाच्या पायात २६ हाडं असतात. लहान मुलाच्या पायात यातली बरीच हाडं आधी कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू टणक होत जातात. अगदी लहान बाळाच्या पायाच्या एक्स-रेमध्ये मधले मधले भाग रिकामे दिसतात ते म्हणूनच. या मऊपणाचा फायदा असा की धडपडणाऱ्या पोराचा पाय बरंच काही सोसतो. तोटाही हाच. आखूड बुटात बोटं मुडपून बसतात आणि मुलाला ते फारसं जाणवतही नाही. “चावतोय का रे?” या प्रश्नाला आलेलं “नाही” हा पुरावा धरता येत नाही.

ऑस्ट्रियात ८५८ बालवाडीच्या मुलांचे पाय आणि बूट मोजून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुलांचे बूट आखूड निघाले आणि बूट जितका आखूड, तितका अंगठा इतर बोटांकडे वळण्याचा धोका जास्त दिसला. ही मुलं निष्काळजी घरांतली असतील असं नाही. त्यांच्या पालकांनी खोक्यावरच्या नंबरावर आणि मुलाच्या उत्तरावर विश्वास ठेवला असावा, एवढंच.

वाढीचा वेगही लक्षात घ्यायला हवा. पाय शरीराच्या पुढे धावतो. मुलीचा पाय सुमारे एक वर्षाची असताना आणि मुलाचा दीड वर्षाचा असताना मोठेपणीच्या लांबीच्या निम्मा झालेला असतो. तीन वर्षांपर्यंत पाय वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर वाढतो, पुढे वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास, आणि शाळेच्या मधल्या वर्षांत त्याहून थोडा कमी. वाढ सरळ रेषेत होत नाही. काही महिने काहीच घडत नाही आणि एका उन्हाळ्यात पाय नंबर ओलांडून जातो. किशोरवयात उंचीची झेप येण्याआधी पायाची झेप येते. बाबांच्या खांद्याला लागणाऱ्या मुलाला बाबांचा बूट बसू लागला, तर येत्या वर्षा-दोन वर्षांत विजारीही आखूड होणार असं समजावं.

सपाट तळव्याची चिंताही दुकानातच सुरू होते. लहान मुलांच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंत तळवा सपाट दिसणं स्वाभाविक आहे. कमान पुढे घडत जाते. या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या अस्थिशल्यचिकित्सकांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक आणि चप्पल-सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी होतं. यावरून मुलांना काटेकुटे आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी सोडावं असा अर्थ निघत नाही. घट्ट बंद बूट लहानपणापासून दिवसभर पायात असणं कमानीच्या फायद्याचं नाही, एवढा मात्र नक्की निघतो. शाळेतून आल्यावर बूट काढून घरात, अंगणात, वाळूत अनवाणी खेळणं हा पायाचा व्यायामच आहे. आणि प्रत्येक सपाट तळव्याला महागडा ‘आर्च सपोर्ट’ लागतो असंही नाही. पाय दुखत असेल किंवा एकच पाय सपाट असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

टाचेचं दुखणं वेगळं. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलांत टाचेच्या मागच्या भागातली वाढीची पट्टी धावण्याउड्यांनी दुखावते. डॉक्टर त्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. नाव भयंकर असलं तरी वाढ पूर्ण झाली की ते थांबतं. झिजलेला सोल आणि टणक मैदान यांनी ते वाढतं. “खेळायचा कंटाळा आला असेल” असं म्हणण्याआधी बुटाची टाच पाहावी.

वाढत्या अंगाचा हिशेब

कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत हा आपल्या घरांतला जुना शहाणपणा. सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, विजारीला टीप मारता येते. बुटाला ही सोय नाही आणि त्याचं कारण बुटाच्या वाकण्यात आहे.

धावताना पाय चवड्यापाशी, बोटं जिथून सुरू होतात तिथे वाकतो. बूटही नेमका तिथेच वाकावा म्हणून सोलमध्ये खाचा दिलेल्या असतात. बूट दोन नंबर मोठा घेतला की वाकण्याची जागा पुढे सरकते. पाय एका रेषेवर वाकतो, बूट दुसऱ्या रेषेवर. टाच दर पावलाला वर उचलली जाते, पाय पुढे घसरतो, अंगठ्याचं नख आतून आपटत राहतं. मग पुढे कापूस कोंबतात. कापसाने बोटांपुढची पोकळी भरते, वाकण्याची रेषा मात्र जागेवर येत नाही. मोठा बूट घालून धावणारं मूल अडखळतं आणि बोटांनी बूट धरून ठेवायची सवय लावून घेतं.

स्केटिंगच्या बुटांशी ताडून पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. मुलांचे इनलाइन स्केट बटण दाबून तीन-चार नंबरांपर्यंत लांब करता येतात. मग धावायचे बूट तसे का नसतात? कारण स्केटचा तळ वाकतच नाही. कडक तळ पुढे ओढला तरी वाकण्याची रेषा चुकण्याचा प्रश्न उरत नाही. धावायचा बूट वाकण्यासाठीच असतो, म्हणून तो लांबवता येत नाही.

किती मोकळं सोडावं, याचंही उत्तर गणितातून मिळतं. सर्वांत लांब बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर. यातले काही मिलिमीटर धावताना पाय पुढे सरकण्यासाठी लागतात आणि उरलेले वाढीसाठी. पाय वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वाढत असेल, तर ही जागा जेमतेम एक वर्ष पुरते. दोन वर्षं पुरणारा बूट म्हणजे पहिलं वर्षभर न बसणारा बूट.

‘स्वस्तात मिळाला, पुढच्या वर्षी लागेल’ म्हणून माळ्यावर ठेवलेल्या जोडाचाही एक धोका आहे. काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही विरत जातो आणि मग पहिल्याच दिवशी सोलाचे तुकडे पडतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणात हे लवकर घडतं. धाकट्याला थोरल्याचे बूट देण्याबाबतही विचार हवा. थोरल्याच्या पायाने आतला तळ आणि टाच आपल्या वळणाने दाबून टाकलेली असते. चार-पाच वेळा घातलेला बूट द्यायला हरकत नाही, वर्षभर मैदानात झिजलेला देऊ नये.

मैदान आधी, बूट नंतर

दुकानात सगळ्यांना ‘स्पोर्ट्स शूज’ हे एकच नाव आहे. खेळ मात्र एकच नाही.

धावण्याच्या बुटाला टाचेखाली जाड, मऊ थर असतो, कारण पाय सरळ पुढे जात असतो आणि धक्का खालून येतो. बॅडमिंटन, टेबल टेनिस, बास्केटबॉलमध्ये पाय आडवा धावतो, थांबतो, वळतो. तिथे जाड मऊ टाच घोटा मुरगळवू शकते. म्हणून कोर्टाचे बूट बसके, कडेने भक्कम असतात आणि त्यांना लाकडी फरशीवर डाग न पाडणारा रबरी सोल असतो. बऱ्याच हॉलमध्ये ‘नॉन-मार्किंग’ शिवाय आत सोडत नाहीत. हे पहिल्या दिवशी दारात कळलं की तिथूनच पुन्हा दुकान गाठावं लागतं.

फुटबॉलच्या बुटांचे खिळे, म्हणजे स्टड, मऊ गवतात रुतण्यासाठी असतात. आपल्या शाळांची बहुतेक मैदानं मुरुमाची किंवा टणक मातीची. त्यावर मोठे स्टड रुतत नाहीत, उलट खालून तळव्याला टोचतात. टणक जमिनीवर आणि तासावारी मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीवर बारीक, दाट रबरी उंचवटे असलेला ‘टर्फ’ बूट बरा. क्रिकेटचंही तेच. लहान मुलांना रबरी स्टड पुरतात, धातूचे खिळे नंतर. धावपटूंचे स्पाइक्स सिंथेटिक ट्रॅकसाठी आहेत. जागतिक नियमांनुसार तिथे खिळ्याची लांबी बहुतेक स्पर्धाप्रकारांत नऊ मिलिमीटरच्या वर चालत नाही. गावच्या मातीच्या मैदानावर सराव करणाऱ्या पोराने ते रोज घालायचं कारण नाही. कबड्डी आणि खो-खो मातीवर अनवाणी खेळले जात. मॅट आल्यावर पातळ, पकड घेणारा सोल असलेले बूट आले. मॅटवर खेळणाऱ्याने ते घ्यावेत, मातीवर खेळणाऱ्याला त्यांची गरज नाही.

मूल दहा वर्षांखालचं असेल, रोज वेगळा खेळ खेळत असेल, तर सगळ्यात उपयोगी जोड हलका, वाकणारा, बसक्या टाचेचा असतो. कधीकाळी ही गरज साध्या कॅनव्हासच्या बुटाने भागत होती. बंगालमधल्या बाटानगरच्या कारखान्यातून १९३६ च्या सुमारास निघू लागलेला पांढरा ‘बाटा टेनिस’ पिढ्यान्‌पिढ्या पीटीच्या तासाला पायात होता. शनिवारी धुवायचा, पांढरं फासायचं आणि सोमवारी घालायचा. जाड गाद्या नसल्याने तो पायासारखा वाकत असे. तासन्‌तास सिमेंटवर पळायला मात्र तो कधीच पुरेसा नव्हता.

बूट बसला नाही म्हणून धावणं थांबत नाही, याचं सर्वांत मोठं उदाहरण इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांचं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बूट पुरवणाऱ्या कंपनीकडे उरलेल्या जोड्यांपैकी एकही त्यांना नीट बसेना. सराव अनवाणी झालेलाच होता. ते अनवाणी धावले आणि मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकले. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकले. ऑलिंपिक विजेत्याने न बसणारा बूट बाजूला ठेवला. पोराच्या पायात आपण तो का चढवावा?

आत पाहण्याचा हव्यास

बूट बसलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही, ही अडचण नवी नाही. १९२० च्या दशकात तिच्यावर दोन उपाय निघाले.

एक न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. चार्ल्स ब्रॅनॉक या बूटदुकानदाराच्या मुलाने सरकत्या पट्ट्यांचं धातूचं माप बनवलं. त्यात टाच टेकवून पायाची लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर अशी तीन मापं घेता येतात. तिसरं माप सर्वांत महत्त्वाचं, कारण बूट कुठे वाकायला हवा ते तेच सांगतं. शंभर वर्षांनंतरही हे उपकरण जवळजवळ तसंच वापरात आहे.

दुसरा उपाय चमकदार होता आणि धोकादायक. दुकानात लाकडी पेटीसारखं एक यंत्र असे. मुलाने बूट घालून पाय त्यात सरकवायचा आणि वरच्या तीन झरोक्यांतून मूल, आईवडील आणि विक्रेता यांनी एकाच वेळी बुटातली हाडं पाहायची. हिरवट उजेडात आपली बोटं हलताना पाहायला मुलं पुन्हा पुन्हा पेटीत पाय घालत. ते क्ष-किरण यंत्र होतं. १९५० च्या सुमारास अमेरिकेत अशी हजारो यंत्रं होती. किरणोत्साराचे धोके उमगू लागले तशी टीका वाढली आणि १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यांवर बंदी घातली. इतर राज्यंही त्या वाटेने गेली. गंमत म्हणजे हाडं दिसली तरी मऊ कूर्चा, कातडी आणि दाब यातलं काही त्यात नीट कळत नव्हतं. बूट विकायला मात्र यंत्र फार उपयोगी होतं.

आज मॉलमधल्या दुकानात दोन्ही नाहीत. खोके रचलेले असतात, आपणच काढून घालून बघायचे. म्हणून मोजण्याचं काम घरी करून जावं लागतं, आणि ते सोपं आहे.

कागद, पेन्सिल, पुठ्ठा

संध्याकाळी मोजावं, दिवसभरात पाय किंचित फुगतो. मुलाला खेळताना घालायचे तेच मोजे घालून उभं करावं. बसलेल्या मुलाचा पाय आखूड भरतो. भिंतीला कागद लावून टाच भिंतीला टेकवावी, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करावी. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, हे विसरू नये. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं. त्या लांबीत बारा मिलिमीटर मिळवून पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापावी.

दुकानात ही पट्टी बुटात टाचेपर्यंत सरकवायची. वाकली तर बूट आखूड. बरीच ढिली राहिली तर मोठा. ज्या बुटाचा आतला तळ निघतो, त्याचा तळ काढून मुलाला त्यावर उभं करावं. चवडा तळाबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे. बुटाचं टोक दाबून पाहण्याच्या रिवाजावर विसंबू नये. दाब आला की मूल बोटं आत ओढून घेतं आणि आपल्याला जागा भरपूर वाटते.

मग बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. टाचेचा भाग दाबून चपटा होत असेल तर ठेवून द्यावा. लेस बांधता येत नसेल तर वेल्क्रोला कमी लेखू नये. सैल बांधलेल्या लेसपेक्षा घट्ट वेल्क्रो चांगला. शेवटी मुलाला दुकानातच पळायला, उडी मारायला, थांबायला आणि वळायला सांगावं. ऑनलाइन मागवलेला बूट घरात फरशीवर असाच तपासावा, मातीत उतरवला की परत जात नाही.

किमतीचा प्रश्न शेवटी उरतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी पाच टक्के आहे आणि त्याहून महाग जोडावर अठरा. मुलांचे बहुतेक कामाचे जोड खालच्या गटात मिळतात. महागडा बूट मोठा घेऊन दोन वर्षं ओढण्यापेक्षा मध्यम किमतीचा नेमका बसणारा घ्यावा आणि वर्षाने बदलावा. पाय दुखला नाही तर मूल खेळत राहतं, आणि खेळण्यासाठीच तर बूट घेतला.

जूनमध्ये बारा मिलिमीटर मोकळा घेतलेला बूट डिसेंबर-जानेवारीच्या क्रीडास्पर्धेला सात-आठ मिलिमीटर मोकळा राहतो, एप्रिलच्या परीक्षेपर्यंत चार-पाच. म्हणजे तो एका शैक्षणिक वर्षापुरता असतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुठ्ठ्याची पट्टी पुन्हा घालून पाहिली की तो केव्हा संपला ते कळतं. वह्या दर जूनला नव्या घ्याव्या लागतात याचं कुठल्याच घरात नवल वाटत नाही. बुटांचा खर्च त्याच यादीत मांडला की दुकानातला वाद बराच कमी होतो.